गाव बघायचं तर जुलैत बघा

पत्राचा सारांश: वाचक मैत्रीण छत्तीस वर्षांची, पुण्यात वाकडला राहते. माहेर नाशिककडचं, सासर कोल्हापूरचं, मंगळवार पेठेतलं. नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. नवऱ्याचं काम पूर्ण घरून चालतं, तिला महिन्यातून दोनदा पुण्याच्या ऑफिसात हजेरी लावावी लागते. मुलगी सहा वर्षांची, यंदा पहिलीत. मुलगा अडीच वर्षांचा, त्याला वरचेवर सर्दी होते आणि छाती घरघरते. घरात नेब्युलायझर कायम बाहेरच असतो. ट्रॅफिक, स्कूलबसमध्ये रोज जाणारे दोन तास, सोसायटीत 'इथं बॉल मारू नका'च्या पाट्या, या सगळ्याला कंटाळून दोघांनी ठरवलंय की मुलं लहान आहेत तोवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या छोट्या गावात राहायला जायचं. कोल्हापूर नको, कारण 'ते पुन्हा शहरच'. शिवाय सासूबाईंशी पटतं, पण एका घरात राहायला नको. यादीत पन्हाळा, आजरा, गडहिंग्लज आणि जयसिंगपूर आहे. दिवाळीत आजऱ्याला चार दिवस राहून आल्यापासून नवऱ्याचं मन तिकडं लागलंय. दरम्यान एका एजंटनं गडहिंग्लजबाहेर प्लॉट दाखवला, आणि पुण्याचा फ्लॅट विकून तो घ्यावा असं नवरा म्हणतो. नणंदेचं म्हणणं, मुलं मागं पडतील. पत्राच्या शेवटी लिहिलंय: 'मुलांसाठी यातलं कुठलं गाव चांगलं, एवढंच सांगा.'

ताई,

एवढंच सांगायचं तर ऐका. पन्हाळा आणि आजरा सध्या यादीतून काढा. प्लॉट घेऊ नका, फ्लॅट विकू नका. आणि काही ठरवायच्या आधी एकदा जुलैत इकडं कोल्हापूर भागात येऊन राहा. आता कारणं सांगते. ती पटली नाहीत तर सल्ला खुशाल बाजूला ठेवा.

आजरा तुम्ही दिवाळीत पाहिलात. त्या दिवसांत आजरा कुणाला आवडणार नाही? पाऊस नुकताच सरलेला, ओढे वाहते, घनसाळ भात काढणीला आलेला, हवेत गारवा. माझ्याकडं पाहुणे आले की मीही त्यांना तिकडं त्याच दिवसांत धाडते. पण तुम्हाला तिथं वर्षाचे बारा महिने काढायचेत, आणि त्यातले चार महिने पावसाचे. कोल्हापूर जिल्हा नकाशावर एक दिसतो, पावसाच्या हिशेबात तो एक नाही. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड ही सह्याद्रीच्या अंगाची बाजू. तिथं पाऊस जूनमध्ये येतो तो मुक्कामालाच. गगनबावड्यात हजारो मिलिमीटर पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शिरोळ तालुक्यात पाचशे-सहाशेच्या घरात. घाटाकडच्या गावांत जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत, गाद्या दमट होतात, कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते. तिथली माणसं यात पिढ्यान् पिढ्या राहतात आणि त्यांची मुलंही छान वाढतात. पण तुमच्या मुलाची छाती घरघरते. म्हणून गावाचा विषय एजंटकडं नेण्याआधी तुमच्या पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडं न्या. ओल आणि बुरशी त्याला कितपत बाधते, एवढं एकच विचारा. ते बिनधास्त जा म्हणाले तर आजरा परत यादीत घ्या, माझी हरकत नाही.

पन्हाळ्याचंही तेच, आणि थोडं जास्त. पावसाळ्यात तिथं दिवसचे दिवस धुकं हटत नाही. २०२१ च्या जुलैत गडावर जाणारा रस्ताच खचला होता. शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते. २०२५ मध्ये गड जागतिक वारसा यादीत गेल्यापासून ती कमी होईल असं कुणी म्हणत नाही. बांधकामावर बंधनं आहेत, ती असायलाच हवीत. पण गडावर मनाजोगतं भाड्याचं घर शोधणाऱ्यानं हे धरूनच चालावं. पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. रविवारी मुलांना घेऊन जायला याहून सोयीचं काही नाही. रविवारचं ठिकाण रविवारसाठीच राहू द्या.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल पूर्वेकडं सगळं आलबेल. जयसिंगपूर, हातकणंगले, कागल हा उसाचा पट्टा. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे उन्हाळा तोंडावर येईपर्यंत, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, शेतात पाचट पेटवल्याचा धूर. कारखान्याजवळ राहणाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडते. घरघरणाऱ्या छातीला हेही चांगलं नाही. फरक इतकाच की याला अंतरानं टाळता येतं. घर कारखान्यापासून लांब, वाऱ्याच्या आडबाजूला घ्यायचं. ओलीपासून असं पळता येत नाही.

पुढचा मुद्दा पुराचा. कोल्हापुरात जुलै उजाडला की दोन माणसं भेटल्यावर पहिली चौकशी होते, 'राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं?' पंचगंगेवरच्या या बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. दोन्ही वेळी पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला. तुम्हाला महिन्यातून दोनदा पुणे गाठायचंय, म्हणून हे मुद्दाम सांगते. गडहिंग्लजहून कोल्हापूर साठ-सत्तर किलोमीटर. संकेश्वर-निपाणीवरून आलात तर वाट कर्नाटकातून येते. मोठ्या पुरात निपाणीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर येतं, इकडं गडहिंग्लजला हिरण्यकेशी चढली की पूल पाण्याखाली. पाणी नसलं तरी अधूनमधून सीमाभागाचं वातावरण तापतं आणि दोन्हीकडच्या एसट्या थांबतात. गडहिंग्लजकर हे सगळं जमेला धरून जगतात. तुम्हीही जगाल. पण मंगळवारी दहा वाजता पुण्यात मीटिंग असलेल्या बाईनं हे आधी माहीत करून घ्यावं. तसा बेळगाव तिथून जवळ आहे, मोठ्या दवाखान्यांसाठी गडहिंग्लजची बरीच माणसं कोल्हापूर सोडून बेळगावलाच जातात.

दवाखान्याचं निघालंच म्हणून सांगते. 'इथं चांगला डॉक्टर आहे का' असं विचारू नका, उत्तर 'आहे की!' असंच येणार. रात्री नऊ-साडेनऊला गावातल्या औषधाच्या दुकानात जा, दुकान बंद करायच्या गडबडीत असलेल्या माणसाला विचारा, 'रात्री दोनला पोराला ताप चढला, श्वास लागला, तर कुठं न्यायचं?' त्यानं क्षणात गावातल्या बालरोगतज्ज्ञाचं नाव सांगितलं तर उत्तम. त्यानं दुसऱ्या गावाचं नाव घेतलं तर ते अंतर रात्रीच्या पावसात किती मिनिटांचं, ते स्वतः गाडी चालवून मोजा. जयसिंगपूरचं माप इथं जड आहे. सांगली दहा-बारा किलोमीटरवर, पलीकडं मिरज, आणि मिरज दवाखान्यांसाठी शंभर वर्षांहून जास्त काळ ओळखलं जातं.

हे सगळं तुम्ही नकाशा आणि फोन घेऊन तपासू शकाल. खरी पंचाईत पुढं आहे.

तुमच्या पत्रात एक चित्र आहे: मुलं अंगणात, गल्लीत, झाडावर, दिवसभर बाहेर. चित्र छान आहे. ते छोट्या गावात आपोआप मिळतं हे तुम्ही गृहीत धरलंय, तिथं मी अडखळले. एजंटनं दाखवलेला प्लॉट गावाबाहेर आहे. अशा नव्या लेआउटमध्ये वीस प्लॉटमागं चार-पाच बंगले बांधलेले असतात, त्यातल्या दोनांना कुलूप, कारण मालक पुण्यातच नाहीतर बेंगळुरूत. तुमच्या मुलीनं सायकल काढली तर ती कुणाबरोबर खेळणार? शाळा गाडीनं, किराणा गाडीनं, मैत्रीण गाडीनं. वाकडमधली स्कूलबस सोडलीत आणि स्वतःच ड्रायव्हर झालात, एवढाच बदल. आणि गावातल्या मुलांनाही शिकवणी असते, मोबाईल असतो. गावात राहणारी सगळी पोरं विहिरीत सूर मारतात हा पुण्यातल्या लोकांचा समज आहे.

म्हणून गाव निवडू नका, गल्ली निवडा. घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत शाळा, डॉक्टर, किराणा आणि मुलीच्या वयाची दोन-चार मुलं, हे असलं तर ते गाव तुमच्या कामाचं. संध्याकाळी साडेपाचला त्या गल्लीत जाऊन नुसतं उभं राहा. पोरं रस्त्यावर दिसली, एखादी आजी कट्ट्यावरून त्यांच्यावर ओरडत असली, की पुढची चौकशी करा. शुकशुकाट असला तर घर कितीही हवेशीर असो, पुढं जा. जयसिंगपूर मला याच कारणासाठी आवडतं. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं गाव, आखीव सरळ रस्ते, नंबरच्या गल्ल्या, पेठ चालत जाण्यासारखी, रेल्वे गावातच. सहा वर्षांच्या मुलीला 'आपली गल्ली अमुक नंबरची' हे पाठ करून एकटीनं दुकानातून कोथिंबीर आणता येईल, असं गाव आहे ते. फक्त ते शिरोळ तालुक्यात आहे. कृष्णा-पंचगंगेचा संगम तिथून जवळच, नरसोबाच्या वाडीला. दोन्ही महापुरांत त्या तालुक्याचे हाल झाले. त्यामुळं कुठलाही पत्ता पक्का करण्याआधी २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. विचारायचं एजंटला नाही, शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला. ती भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

आणि आता तुम्ही. पानभर पत्रात मुलांना काय मिळेल याची यादी आहे, नवऱ्याला काय आवडलं तेही आहे. तुमच्याबद्दल एकच वाक्य आहे आणि तेही नवऱ्याचं: 'तुला काय फरक पडतो, लॅपटॉप कुठंही उघडतो.' लॅपटॉप उघडतो हो. पण पुण्यात तुमच्या मैत्रिणी आहेत, पाळणाघर आहे, कंटाळा आला तर कोपऱ्यावर चहा आहे. इथं पहिलं वर्षभर तुम्ही 'अमक्यांची सून' असाल. ओळख होण्याआधीच पाहुणे येतील, प्रत्येक सणाला सासरी हजेरी लागेल, आणि घरात दिसणारी बाई कामावर आहे हे शेजारणीला सहा महिने तरी पटणार नाही. कोल्हापूरची माणसं जीव लावतात यात वाद नाही, पण दुपारी साडेतीनला कॉल चालू असताना दारात डबा घेऊन उभी राहणारी माणसंही तीच. तुम्हाला एकटीला जिथं श्वास घेता येईल अशी एक तरी जागा त्या गावात आहे का? वाचनालय, पोहण्याचा तलाव, दोन तास बसून काम करता येईल असं काही, किंवा तुमच्यासारखंच शहरातून आलेलं एखादं कुटुंब. हे मुलांच्या शाळेइतकंच महत्त्वाचं धरा. आई कोमेजली तर अंगण मोठं असून काय करायचं?

मग 'ते पुन्हा शहरच' म्हणून कोल्हापूर वगळलंत, त्याकडं परत या. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. पुण्याशी तुलना कशाला करता? इथं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला अर्धा तास पुरतो. संध्याकाळी रंकाळा आहे, गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध मिळतं, पेठेपेठेत तालमी आणि फुटबॉल आहे. सीपीआरसारखं मोठं सरकारी रुग्णालय आणि खासगी बालरुग्णालयं दहा-पंधरा मिनिटांवर. पाऊस आजऱ्याहून पुष्कळ कमी. मला पक्षपाती म्हणा, मी इथलीच. पण सासूबाईंशी पटतं असं तुम्हीच लिहिलंय. एका घरात राहायचं नाही, हे अगदी बरोबर. मग त्यांच्यापासून स्कूटरवर दहा-पंधरा मिनिटांत एखादं भाड्याचं घर का नको? तुम्ही पुण्याला गेलेल्या रात्री मुलाची छाती घरघरली तर घरात दुसरं एक मोठं माणूस पोचू शकेल. गडहिंग्लजला सासूबाई साठ-सत्तर किलोमीटरवर राहतील: मदतीला लांब, पण सणवाराच्या हजेरीला तितक्याच जवळ. मला तर हे दोन्हीकडून नुकसानीचं वाटतं. फक्त भाडी आता थोडी वाढलेली दिसतील. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालंय आणि बाहेरची माणसं घरं शोधताहेत.

नणंदेच्या काळजीला दोनच ओळी. पहिली-दुसरीतलं मूल गाव बदलल्यानं मागं पडत नाही. आणि ज्या संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं तिथं शिकवणाऱ्यांची वानवा नाही. अकरावी-बारावीला शहराकडं यावं लागेल का, हा प्रश्न खरा आहे, पण तो दहा वर्षांनी सोडवायचा. दाखल्याची भीती असेल तर तीही नको. शिक्षण हक्क कायद्यानुसार आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. इंग्रजी माध्यम की मराठी, हे गावापेक्षा वेगळं भांडण आहे. त्यासाठी हवं तर दुसरं पत्र लिहा.

प्लॉटबद्दल मात्र कडक बोलते. पहिलं वर्ष भाड्यानंच राहा, अकरा महिन्यांचा करार करा. पुण्याचा फ्लॅट भाड्यानं द्या, इथलं भाडं त्यातून भागून वर उरेल. एकदा तो विकलात तर मन बदलल्यावर परतीचा रस्ता फार महाग पडेल. वर्षानंतरही जागा घ्यावीशी वाटली तर सातबारा बघा, बिगरशेती (एनए) झालीय का बघा, कारण शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, आणि 'एनए होऊन जाईल, काळजी करू नका' या वाक्यावर कुणी पैसे देऊ नयेत. नदीच्या आसपास असेल तर पूररेषा बघा. निळ्या रेषेच्या, म्हणजे तुलनेनं वरचेवर येणाऱ्या पुराच्या, आत घर नकोच. लाल रेषेच्या, म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या, आतही मी घेणार नाही. पिण्याचं पाणी रोज येतं की दिवसाआड, किती वाजता, उन्हाळ्यात काय होतं, हे नगरपालिकेत विचारून समजणार नाही. गल्लीतल्या टाक्यांचे आकार बघा. प्रत्येक घरावर दोन-दोन टाक्या दिसल्या तर काय ते समजून घ्या.

अशी पत्रं मला आणखी बऱ्याच जणांकडून येतात, कुणाला वाई हवी असते, कुणाला सावंतवाडी. त्यांनाही हेच सांगेन: आवडलेलं गाव त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात बघा. कोकणाकडं जुलै, मराठवाड्याकडं मे. आणि मूल धडधाकट असेल, दोघांचंही काम पूर्ण घरून असेल, तर आजरा-चंदगडसारख्या गावांना नाही म्हणायचं काही कारण नाही. हत्ती मात्र अधूनमधून येतात तिकडं, शेतात. तेही मुलांना सांगायला गोष्ट होते.

तर जुलैत पंधरा दिवस काढा. जयसिंगपूर आणि कोल्हापूर, आठवडा-आठवडा. गडहिंग्लजचा मोह सुटत नसेल तर मध्ये दोन दिवस तिथं. हॉटेलात उतरू नका, घर घ्या. सासूबाईंच्या ओळखीतून मिळेल. इन्व्हर्टर आहे का ते आधी विचारा, कारण पावसात वीज जाते आणि नेब्युलायझर विजेवर चालतो. इंटरनेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं येतं का तेही बघा. मुलीला आधीच सांगून आणा की आपण इथं राहून बघतोय, सहलीला नाही आलोय.

आणि त्या पंधरा दिवसांत एकदा पुण्याची फेरी ठेवाच. सकाळी निघा, मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी रात्री परत या. दोन्ही मुलं, स्वयंपाक, औषधं, नवऱ्याचे स्वतःचे कॉल, सगळं नवऱ्यावरच सोडा. सासूबाईंना बोलवायचं की नाही तेही त्यांनाच ठरवू द्या. तुम्ही फोन करून सूचना देऊ नका. परत आल्यावर गावाबद्दल त्यांचं मत काय झालंय ते विचारा, आणि मग दोघं मिळून यादी पुन्हा करा.